तिसऱ्या धड्याची फाईल

माझ्या भाचीला तिचे विद्यार्थी पाठीमागे ‘करवत’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. एकदा तिनं भर वर्गात एकाला उभं केलं आणि विचारलं, “काय रे, करवत पुढे जाताना कापते की मागे येताना?” तो बिचारा गांगरून म्हणाला, “दोन्ही वेळा, मॅडम.”

“बरोबर. बस खाली.”

लोकांना वाटतं, हिला कुणीतरी फसवलं असणार, म्हणून ही अशी झाली. तसं काही नाही. कडेवर घेतलं की अंग आखडून घेणारं मूल होतं ते, मावशीला विचारा, म्हणजे मला. मी रंगभूमीवर उभं आयुष्य काढलं. कजाग सासवा केल्या, विष कालवणाऱ्या राण्या केल्या, आणि पडदा पडला की ज्या सुनेला छळलं तिच्याच गळ्यात हात टाकून चहा प्यायले. रंग पुसला की संपलं. या पोरीचा रंग पुसताच येत नाही, कारण तिनं तो कधी लावलेला नाही.

आमची नाटक कंपनी मोडली तेव्हा मी ट्रंक घेऊन हिच्या दारात उभी राहिले. हिनं ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ये. सकाळी रियाज करायचा नाही,” म्हणाली आणि ट्रंक स्वतः उचलून धाडधाड जिना चढली. मला आयुष्यात टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण इतक्या रागानं इतकं प्रेमाचं काम कुणी केलं नव्हतं.

घर उंच आणि अरुंद. तळमजल्यावर क्लास, मधल्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ, वर आम्ही दोघी. क्लासच्या खोलीत लांब टेबलं, थकलेले कॉम्प्युटर, टेबलांखाली चिकटपट्टीनं आवळलेल्या वायरी, आणि खुर्च्या अशा की एकजण हलला तर सगळा वर्ग मागे वळून बघतो. दुपारी मी सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसते. वर एकटीला करमत नाही, आणि जन्मभर समोरून बघितलेला प्रेक्षक आतून कसा असतो ते या वयात बघायला मजा येते.

ती शिकवते ते मला आधी काहीच कळत नसे. मग एक दिवस कळलं, कारण ते आमचंच काम निघालं. हल्ली म्हणे प्रोग्राम असे मोकळे सोडत नाहीत. त्याला जे जे सामान लागतं त्यासकट त्याला एका डब्यात बंद करतात. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. असे डबे वाढत गेले की कुठला कुठे ठेवायचा, कुणाच्या किती प्रती ठेवायच्या, एखादा पडला तर त्याच्या जागी कुणाला उभं करायचं, हे बघायला वर एक व्यवस्थापक प्रोग्राम लागतो. त्याला एका फाईलमध्ये साध्या ओळींत लिहून द्यायचं: मला अमुक डबा हवा, त्याच्या दोन प्रती हव्यात, अमुक दारानं येणाऱ्याला त्यांच्याकडे पाठव. कसं करायचं ते सांगायचं नाही. काय हवंय तेवढंच सांगायचं.

आमच्या पडद्यामागचा मॅनेजर हुबेहूब असाच होता. ‘दरबारात दोन भालदार’ एवढंच त्याच्या डोक्यात. एक भालदार तापानं फणफणला की तो तिकिटं फाडणाऱ्याला धरून पोशाखात कोंबायचा. प्रेक्षकांना दोन भालदार दिसत. दोन म्हणजे दोन.

भाचीचं सगळं वैभव म्हणजे या अशा फायली. नमुन्याच्या, शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या. तिचे नियम कडक. एका फाईलनं एकच गोष्ट शिकवायची. फाईल पडद्यावर एका नजरेत मावली पाहिजे. शिकणाऱ्यानं नाव बदलावं, आपला डबा त्यात घालावा, आणि तीच फाईल त्याला पुन्हा पुन्हा वापरता यावी. ती एकेक ओळ काढून बघते. चाललं, तर ती ओळ उपरी होती. असं कापत कापत एक ओळ अशी येते की ती काढली की सगळं बंद पडतं. तेवढी परत घालते आणि थांबते. या फायलींत ओळीच्या आधी सोडलेल्या रिकाम्या जागेलाही किंमत असते. मी म्हटलं, “आमच्याकडे विरामाला होती तशी.” तर म्हणाली, “मावशी, वर्ग चालू आहे.”

हे वेड तिला लागलं ते एका अपमानातून. शिकून बाहेर पडल्यावर ती एका मोठ्या ऑफिसात लागली. तिथे अशीच एक फाईल होती, पण मारुतीच्या शेपटासारखी लांबच लांब. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. हिनं वरिष्ठाला विचारलं, “ही ओळ कशासाठी आहे?” तो म्हणाला, “चालतंय ना? मग हात लावू नकोस.” हिनं लावला. अख्ख्या मजल्याचं काम बंद पडलं. वरिष्ठानं सगळ्यांसमोर उभं करून हिला विचारलं, “तुला शिकवलं कुणी?” ही म्हणाली, “कुणीच नाही, तीच तर तक्रार आहे,” आणि पर्स उचलून घरी आली. त्यानंतर तिनं या फायली लिहायला घेतल्या आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्या. ज्याला हव्या त्यानं घ्याव्यात. कुठल्या कुठल्या देशांतून अनोळखी माणसं तिला लिहितात, तुमच्यामुळे मला पहिल्यांदा कळलं. ती उत्तर देते, “छान. आता पुढचा धडा करा.”

त्यात तिसऱ्या धड्याची फाईल सगळ्यात दुष्ट. ती एक छोटा प्रोग्राम उभा करते. त्यात नाव लिहायची एक चौकट. पोरं आपापली नावं लिहितात, एकमेकांची बघून हसतात. मग ही हाताची घडी घालते आणि म्हणते, “आता मारा त्याला.” पोरं डबा पाडतात. व्यवस्थापक लगेच दुसरा उभा करतो, तोच चेहरा, तेच कपडे. पण नावं गेलेली. कारण ती डब्याच्या आत ठेवलेली होती.

“मॅडम, माझं नाव गेलं!”

“जाणारच. जायलाच लिहिलं होतं.”

“भालदार पडला की त्याच्या खिशातलंही गेलं,” मी मागून म्हणाले. तिनं डोळे वटारले. पुढच्या बॅचला मात्र ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. नटीला आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेल्याचं दुःख फार काळ नसतं. चौथ्या धड्यात ती त्याच फाईलला बाहेरची साठवण जोडायला शिकवते. मग कितीही भालदार पडोत, सामान पडद्यामागच्या पेटीत सुखरूप. पण तिसऱ्या धड्यात प्रत्येकानं आपल्या हातानं आपलं नाव घालवलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. ते केल्याशिवाय चौथ्यात बसू देत नाही.

तिच्या भावानं तिसरा धडा कधी केला नाही.

तो गोडबोल्या. ती शिकवते, तो विकतो. दुकानांना, दवाखान्यांना छोटे प्रोग्राम बसवून द्यायची कामं तोच आणतो, आणि खरं सांगायचं तर क्लास त्या कामांवरच तगून होता. तिच्या फायलींचा त्याला पहिल्यापासून राग.

“इतक्या लहान फायली बघून लोक विचारतात, एवढंच शिकवता?”

“त्यांना सांग, तुझ्या डोक्यात मावेल एवढंच.”

“आणि उघड्यावर फुकट वाटतेस. उद्या क्लासला कोण येईल?”

“ज्यांना मला तोंड द्यायची हिंमत आहे ते येतील.”

लहानपणी ही दोघं एका पेन्सिलीसाठी एकमेकांना ओरबाडत. पेन्सील मोडायची, ओरबाडणं चालू राहायचं.

मग ते डोळ्यांच्या दवाखान्याचं झालं. डॉक्टरीणबाईंना पेशंटच्या वेळा नोंदवायला एक प्रोग्राम हवा होता. भावानं प्रोग्राम तयार केला, आणि तो मशीनवर उभा करायला बहिणीची एक फाईल उचलली, नाव बदललं, लावून दिली. उचलली तिसऱ्या धड्याची. चौथीला बाहेरची साठवण लागते, ती त्या मशीनवर तयार नव्हती, आणि तिसरी लावली की तत्काळ चालते. चाललीही. महिनोन्‌महिने चालली, कारण डबा पडायचं काही कारणच झालं नाही. बाई खूश, रिसेप्शनिस्ट खूश, भाऊ रस्त्यानं मान वर करून चालू लागला.

एके दिवशी दवाखान्यात विजेचं काम निघालं. मशीन बंद केलं, मग चालू केलं. व्यवस्थापकानं इमानेइतबारे नवा डबा उभा केला. त्यात एकही नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. शर्ट घामानं चिकटलेला. “पोरांना सोड,” म्हणाला.

“शिकवतेय मी.”

“सोड म्हणतो ना!”

पोरं खुर्च्या करकरवत पळाली. मी तिथेच बसून राहिले. म्हातारीला लोक फर्निचरमध्येच धरतात, त्याचा मी पुरेपूर फायदा घेते.

“तुझ्या फाईलनं माझं वाटोळं केलं,” तो म्हणाला. “दवाखान्यातल्या सगळ्या वेळा गेल्या. कुणाचं ऑपरेशन कधी, काही पत्ता नाही. म्हातारी माणसं डोळ्यांत थेंब घालून भिंतीला टेकून बसलीत, आणि ती रिसेप्शनवाली मला फोनवर काय काय म्हणाली ते मावशीसमोर सांगता येणार नाही.”

“मी याहून वाईट संवाद म्हटलेत,” मी म्हणाले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

“कुठली फाईल?” ताईनं विचारलं. ताई म्हणजे आमची करवत, तो तिला ताईच म्हणतो, भांडतानासुद्धा.

“तिसरी.”

ती हसली. तिचं हसू दुर्मीळ आणि वाईट असतं. “तिसरी? अरे, ती पाडायला लिहिली आहे! तेवढ्याचसाठी लिहिली आहे!”

“मला काय स्वप्न पडणार होतं?”

“वर्गात बसला असतास तर डोळे उघडे ठेवून कळलं असतं.”

“मी वर्गात बसलो असतो तर वर्गाचं वीजबिल तुझ्या विद्वत्तेनं भरलं असतं का?” तो टेबलावर वाकला. “मला एक सांग. त्या फाईलवर कुठे लिहिलंय की ही खऱ्या कामाला लावायची नाही? वर एक ओळ लिहायला तुझे हात झिजले असते?”

“धड्यात सांगते मी.”

“धडा या खोलीत असतो, ताई. फाईल जगभर फिरते.”

रंगमंचावर संवाद विसरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं तोंड किंचित उघडं राहतं आणि डोळे विंगेकडे जातात. हिचे डोळे माझ्याकडे आले. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

त्याला ते कळलं, आणि त्यानं तिथेच घाव घातला. “उद्या बाईंकडे चल. सांग की तुझा नमुनाच सदोष होता. सांग की सगळ्या फायली तू मागे घेतेस, पुसून टाकतेस. आपण नव्या लिहू, आपल्या कुलपात ठेवू. तसं सांगितलंस तर त्या आपल्याला ठेवतील. नाहीतर हे काम गेलं, याचा बोभाटा झाला की बाकीचीही गेली, आणि मग तू रस्त्यावर फळा लावून शिकव.”

“पुसून टाकू?”

“सगळ्या.”

संध्याकाळी ती वर भांडी घासत होती, म्हणजे भांड्यांना मारत होती. मी पुसायला घेतली. ती पाठमोरीच म्हणाली, “खरंच एकही ओळ नव्हती वर?”

“नव्हती गं. मी रोज बघते.”

“तो बरोबर बोलला, मावशी. म्हणून मला त्याचा जास्त राग येतोय.”

“मग काय करणार आहेस?”

“उपरी म्हणून कापली असेन मी ती ओळ. कधीतरी.” तिनं पातेलं उपडं घातलं. “त्या सदोष आहेत असं मी म्हणायचं? त्यातली एकेक ओळ मला पाठ आहे. पुसायच्या म्हणतो. तो कोण पुसायला सांगणारा?”

दुसऱ्या दिवशी माझ्या मोतीबिंदूचं निमित्त काढून मीही बरोबर गेले. बोलावलं कुणीच नव्हतं.

दवाखान्याच्या बाकांवर माणसं खेटून बसली होती. रिसेप्शनिस्ट प्रत्येकाला विचारून नव्यानं वेळा लिहीत होती, आणि आम्हाला बघताच तिनं पेन इतक्या जोरात ठेवलं की ते खाली पडलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत घेतलं, बसा म्हटलं नाही.

“बोला.”

भावानं गोड आवाज काढला. “बाई, ही माझी बहीण. मूळ नमुना हिनंच—”

ताईनं त्याला बाजूला सारून टेबलावर लॅपटॉप उघडला. “तुमचं नाव लिहा,” बाईंना म्हणाली.

“मला वेळ नाही.”

“मलाही नाही. लिहा.”

बाईंनी, बहुधा आश्चर्यानं, लिहिलं. चौकटीत नाव उमटलं. ताईनं लॅपटॉप भावाकडे वळवला. “आता मार त्याला.”

“ताई, इथे हे नाटक कशाला?”

“आयुष्यात एकदा तरी हा धडा कर.”

त्यानं दात-ओठ खात कळ दाबली. डबा पडला, दुसरा उभा राहिला. चौकट रिकामी. डॉक्टरीणबाई त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिल्या. मला वाटतं, आपल्याकडच्या वेळा कशा गेल्या ते त्यांना त्या क्षणी कळलं.

“म्हणजे हे असं होणार हे लिहिणाऱ्याला माहीत होतं?”

“असं व्हावं म्हणूनच लिहिलंय. शिकणाऱ्यांसाठी.”

“आणि माझ्याकडे लावणाऱ्याला?”

बाहेर कुणीतरी खोकत होतं. भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, सांग ना. ठरलंय ते सांग.”

“ठरलं नव्हतं. तू फर्मावलं होतंस.” ती बाईंकडे वळली. “फाईल माझी आहे. तिच्यात दोष नाही. ती पुसणार नाही. तिच्यावर सूचना लिहायला हवी होती, ती मी लिहिली नाही, ती माझी चूक. न वाचता तुमच्याकडे यानं लावली, ती याची. माझी मी घेते. याची मला परवडत नाही.”

भावाचा चेहरा पांढरा पडला. प्रेक्षागृहात अशा वेळी टाळी पडते. दवाखान्यात मला घाबरायला झालं.

“तुमच्या वाटण्या तुम्ही घरी करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाहेर एक माणूस बसलाय, त्याचं ऑपरेशन आज आहे की पुढच्या आठवड्यात हे मला त्याला विचारावं लागतंय. कळतंय का तुम्हाला? नवी फाईल नको, जुनी नको. तुम्ही दोघंही मला इथे पुन्हा दिसू नका.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचं काय?”

“माझा मोतीबिंदू.”

“बाहेर नाव सांगा.”

रस्त्यावर येताच तो फुटला. “त्या बाईसमोर नागडं केलंस मला!”

“कपडे घालायचे तूच विसरला होतास.”

“एक वाक्य बोलायचं होतंस. एक! क्लास वाचला असता.”

“आणि मी?”

“तू काय? तुला कोण खातंय? फायलीच आहेत त्या!”

त्यावर ती जे वळली ते घरापर्यंत त्याच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. मी मधे. गुडघा दुखत होता, पण थांबा म्हणायची सोय नव्हती.

बोभाटा झालाच. बाकीची कामं एकेक करून गेली. भावानं दुसऱ्या कुणाबरोबर भागीदारी ठरवली, आणि कॉम्प्युटर त्याच्या नावावर घेतलेले, तेव्हा एका सकाळी तो हमाल घेऊन खाली आला. चिकटपट्ट्या टराटरा ओढून त्यानं वायरी सोडवल्या. मशीनं दाराबाहेर जाऊ लागली. ताई कोपऱ्यातल्या शेवटच्या मशीनवर टाईप करत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

सगळी गेल्यावर तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“ऊठ.”

“ओळ संपू दे.”

तो थांबला. पडद्यावर तिसऱ्या धड्याची फाईल होती, आणि तिच्या माथ्यावर ती लिहीत होती: ‘ही फाईल पाडून बघण्यासाठी आहे. डब्यात ठेवलेलं टिकत नाही. खऱ्या कामाला लावलीत तर रडत येऊ नका.’

“आता लिहितेस,” तो म्हणाला.

“तुझ्यासारखे आणखी असतील.”

तो पुढे वाकून वाचत होता. “शेवटचं काढ.”

“का?”

“शेवटचं वाचून माणूस चिडतो आणि पहिलं विसरतो. मला विचार.”

“तुला काय विचारायचं? तू वाचतोस कधी?”

“आत्ता वाचलं ना.”

तिनं थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. मग शेवटचं वाक्य पुसलं, एकेक अक्षर, प्रत्येक वेळी कळ जरुरीपेक्षा जोरात आपटत. फाईल जगाकडे रवाना केली. मग उठली, भिंतीतला प्लग स्वतःच उपटला आणि मॉनिटर त्याच्या छातीवर आदळल्यासारखा त्याच्या हातात दिला.

“जा घेऊन.”

तो गेला. पायरीवर थबकला असं मला वाटलं, पण तो पकड सावरत होता. दार त्यानं सताड उघडंच टाकलं. ती रिकाम्या टेबलांवरची धूळ पुसायला लागली होती, तेव्हा उठून मी ते लावलं.